आजची नवीन आवक : बोंडअळी

आज पहाटे आमच्या बँडचे एकुलते एक समीक्षक गेले.

शकीलभाई.
नांदुऱ्याला स्टेशनाजवळ त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. दुपारी नमाजानंतर माती झाली. मला पुण्याहून पोचता आलं नाही, म्हणून हे इथे लिहितोय.

नव्या पोरांना थाप वाटेल, पण कॅसेटच्या त्या जमान्यात आमच्या भागात पंक रॉक होतं.
मलकापूरला एक बँड, देऊळघाटला एक, आणि वडनेर भोलजीचे आम्ही तिघं.

गाडीत कुणीतरी विसरलेली एक इंग्रजी कॅसेट शकीलभाईंनी आम्हाला ऐकवली, तिथून हे खूळ लागलं. शब्द एक कळला नाही. राग सगळा कळला.

गजूकडे गिटार होती, तिला चारच तारा. इब्राहिम ताशा बडवायचा. मी ओरडायचो.
बँडचं नाव बोंडअळी. कापसाच्या गावात याहून वाईट नाव आम्हाला सुचलं नाही.

शकीलभाईंनी आधी बरीच वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला होता. चिमटीत ओढून धागा लांब की आखूड ते सांगायचे. गाणंही तसंच. डोळे मिटायचे आणि ऐकताना अंगठा बोटावर चोळत राहायचे.

मलकापूरवाल्यांची कॅसेट ऐकून म्हणाले, "धागा लांब हाये, पन माल ओला हाये."
आमचं गाणं दीड मिनिटाचं. ते ऐकून म्हणाले, "आखूड धागा. पन तोडून दाखवा कोनी."

पुढे मी पेपरात पुष्कळ परीक्षणं वाचली. इतकं नेमकं बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. खरंच सांगतो, त्यांना अंगठा चोळताना पाहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

'रिलीज' वगैरे शब्द त्यांच्या गावी नव्हता. बाजारात माल आला की आवक. मग कॅसेट आली तरी आवकच. दुकानाबाहेरच्या फळ्यावर ते खडूनं लिहायचे.

आमची कॅसेट आली त्या दिवशी लिहिलं :

आजची नवीन आवक
बोंडअळी

झालं.

एसटीतून जाणाऱ्या वडनेरच्या कुणीतरी ते वाचलं. तासाभरात गावभर. अळी आली, नांदुऱ्यात बोर्ड लागला. लोक हातातलं काम टाकून वावरात पळाले, बोंडं फोडून फोडून पाहिली. अळी कुठेच नाही. मग पंधरा-वीस जण तणतणत नांदुऱ्याला आले.

त्यात माझे बाबा होते.

मी काउंटरमागे उभा. बाबांच्या हिशेबी मी त्या वेळी टायपिंगच्या क्लासला होतो. बँडचं कळलं तर कॉलेज बंद आणि हातात वखर, हे घरी ठरलेलं होतं. म्हणून तर कॅसेटच्या कव्हरवर आम्ही नावं टाकली नव्हती.

बाबांनी मला पाहिलं. पण आधी अळी.

"काऊन हो शकीलभाई, कोनाच्या वावरात आली ते सांगा."

"वावरात नाई भाऊ. टेपात आली."

लोक काउंटरकडे सरकले.

"एक डाव आयकून घ्या," शकीलभाई म्हणाले. "मंग फळा बी पुसतो अन् मले शिव्या बी द्या."

आणि त्यांनी टेप लावला.

पाठीवर पंप, तोंडात अवषिद
अळी जित्ती, मानूस बेसुद
मले इचारा, मले इचारा!

आदल्या वर्षी फवारताना बाबा वावरात पडले होते. बैलगाडीत घालून आणलं होतं. गाणं त्यांच्यावर होतं, आणि हे त्या दुकानात फक्त मला आणि शकीलभाईंना माहीत होतं.

मित्रांनो, मी नंतर मोठमोठ्या कॉन्सर्ट पाहिल्या. पण वीस शेतकरी, डोक्याला रुमाल, भर दुपारी, रस्त्यावर उभं राहून पंक ऐकतायत आणि कुणी हूं की चूं करत नाही, असं ऐकणं मी कुठेच पाहिलं नाही. त्यातले चार-पाच जण कधी ना कधी तसेच पडलेले होते.

गाणं संपलं. बाबांनी विचारलं, "कुठचे पोट्टे हायेत हे?"

शकीलभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"मुंबईचे."

बाबा म्हणाले, "मुंबईचं पोट्टं 'मले' म्हन्ते का?"

मी खाली वाकून उगाच कॅसेटी लावायला लागलो.

बाबांनी टेपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "पुन्यांदा लावा."

दुसऱ्यांदा ऐकून ते एसटी पकडायला निघून गेले. घरी त्यावर एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. कॉलेज चालू राहिलं. मी समजत राहिलो की बाबांना गाणं आवडलं नाही, फक्त माझी कीव आली. बँड वर्षभरात बंद पडला. माझ्या मनात ते बरीच वर्षं सलत होतं.

बाबांच्या तेरवीला शकीलभाई आले. जेवण झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि खिशातून आमची कॅसेट काढली.

"तुहा बाप पुढच्या बाजाराले एकटा आला होता. मले म्हने, याच्यावर नाव काऊन नाई? चोरीचा माल हाये का? टाका नाव. मंग दर बाजाराले येऊन आयके."

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती त्यानं. आता सुटली."

कव्हरवर शकीलभाईंच्या अक्षरात लिहिलं होतं. सातबाऱ्यावर लिहितात तसं, बाबांनी सांगितलं तसं, माझं नाव बापाच्या नावासकट :

प्रल्हाद वल्द किसन, राहणार वडनेर भोलजी.

शकीलभाई, माझ्या बापाला माझा आवाज तुम्ही ऐकवलात.
तुमच्यापुढे मान खाली, आणि मनापासून सलाम.