आज्ज्याची भूक

"आमच्या खेड्यात काहीच वाया जात नव्हतं," मॅडम इंग्रजीत सांगत होत्या. जर्मनीतल्या एका छोट्या गावातलं सभागृह. पडद्यावर चित्र. चार माणसं मेलेली म्हैस बांबूला बांधून गावाबाहेर न्यायलीत. "कातडं, हाडं, मांस, ही माणसं सगळं वापरायची. हीच आमची शाश्वत संस्कृती." मग माझ्याकडं हात केला. "ही त्याच समाजातली. ऊठ गं, बघू देत सगळ्यांना."

मी उठले. टाळ्या पडल्या.

मी निपाणीची. बेळगावात मॅडमच्या संस्थेत नोकरीला. कणकुंबीकडच्या खेड्यांत पाण्याचं काम बघायची. मॅडमबरोबर परदेशी पहिल्यांदाच गेलते. निघताना आई म्हणालती, "तिकडं जात इचारत न्हाईत म्हणं. मोकळी फिर." खरंच तिथं कुणी विचारली नाही. ती आमच्याच माणसानं सांगितली.

माझ्या आज्ज्यानं एकदा मेलेली म्हैस ओढायला नकार दिलता. गावानं मारलं. पाणी बंद केलं. दुकानदारानं मीठसुद्धा दिलं नाही. पोरंबाळं घेऊन तो निपाणीला आला आणि तंबाखूच्या वखारीत खोकून खोकून मेला.

टाळ्या थांबल्या. मी बसले नाही. मोडक्या इंग्रजीत बोलले.

"ते मांस आम्ही भुकेनं खाल्लं. ओढायला नाही म्हटलं की मार होता. माझ्या आज्ज्यानं तो मार खाल्लाय. याला संस्कृती म्हणू नका."

नंतर एक गोरी बाई जवळ आली. डोळे भरलेले. माझा हात धरून म्हणाली, "तरीही, निसर्गाशी तुमचं नातं किती जवळचं होतं."

तिला काहीच कळलं नव्हतं.

बसमध्ये मॅडम म्हणाल्या, "घरातलं बाहेर बोलायचं नसतं. देशाची लाज काढलीस."

"मारणाऱ्यांची लाज कुणी काढायची, मॅडम?"



परत आल्यावर माझं काम काढून घेतलं. प्रकल्प संपला म्हणाले. आता बेळगावातच, उद्यमबागेच्या कारखान्यांत, एका फौंड्रीच्या ऑफिसात बसते. आई म्हणते, "खोटं न्हाई बोललीस. पर काय मिळालं गं?"

काही नाही.

परवा बेळगावातल्या एका कॉलेजात पर्यावरणावर बोलायला बोलावलं. तिथले सर आधीच म्हणाले, "जातीचं नको. चांगलं काहीतरी सांगा." मी म्हटलं, "मग मला बोलावू नका." त्यांनी बोलावणं मागं घेतलं. उद्या दुसरेही मागं घेतील. घेऊ देत.

पण माझ्या आज्ज्याच्या भुकेला माझ्यासमोर कुणी संस्कृती म्हणायचं नाही. म्हटलं, तर मी उठून बोलणार. तिथंच. त्याच्या तोंडावर.