छातीतली पट्टी

माझ्या मामेबहिणीच्या छातीच्या मध्यभागी जन्मापासून खळगा होता. वाढीच्या वयात तो खोल होत गेला. पंधराव्या वर्षी तिला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा मामा तिला चांदवडहून नाशिकला घेऊन आला. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. द्वारका चौकाजवळच्या एका रुग्णालयात सर्जननी दोन्ही काखांखाली छेद घेऊन छातीच्या हाडामागे स्टीलची वाकवलेली पट्टी बसवली. हाड वर उचललं गेलं. पट्टी तीन वर्षांनी काढायची, हे त्यांनी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आणि तोंडीही सांगितलं.

गावात अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगण्यात आलं. धाप थांबली. तीन वर्षं भरत आली तेव्हा मनमाडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता. आधी पट्टी काढून घ्या, असं मी मामीला सुचवलं. तिचं म्हणणं, आता पोरीला दवाखान्यात ठेवलं तर चौकशी होईल, स्थळ जाईल. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येतेच, तेव्हा तीन-चार महिने मिळतात, त्यात उरकून घेऊ. मामाने मान डोलावली. मीही विषय सोडला.

लग्नानंतर दोन वर्षं तिला दिवस गेले नाहीत. पट्टी आतच राहिली. मग खोकला लांबला आणि मनमाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सासऱ्यांनी फिल्म खिडकीशी धरली. फासळ्यांवर आडवी पांढरी पट्टी स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सासू तिला चांदवडला सोडून गेली. चहा घेतला नाही.

"विहीणबाई, आम्ही सून मागितली होती. सळई नव्हती मागितली."

ती काढता येते, असं मामी सांगत राहिली. मग काढली का नाही, असं सासूने विचारलं.

पट्टी महिनाभरात निघाली. तिच्यावर हाड वाढलं होतं, म्हणून वेळ लागला. वॉर्डात मामीने मला मनमाडला फोन करायला सांगितलं.

"सांग त्यांना, आता आत काय नाय. डॉक्टरचा कागद बी दाखवू."

बहीण जागी होती. "दादा, नको करू," ती म्हणाली. "मला नाय जायचं तिकडं."

मी खाली जाऊन फोन केला. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वकिलाची नोटीस कुठे पाठवायची, ते विचारलं. मी चांदवडचा पत्ता सांगितला.