तळहाताची खाज

लाँड्रीत उभं राहून इस्त्री फिरवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, संध्याकाळी पोटऱ्या शिशासारख्या जड व्हायच्या, तरी "चालतंय तोवर चालवायचं" हाच तिचा खाक्या. शेवटी नणंदेनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. नणंद बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नसायची, म्हणून ही तिच्यापासून जरा लांबच राहायची.

डॉक्टरीणबाईंनी सुईनं एका पायाच्या शिरेत औषधाचा फेस सोडला. "शीर हळूहळू मिटेल," त्या म्हणाल्या. पायात घट्ट मोजा चढवून, थोडं चालवून त्यांनी तिला बाहेर बसवलं. "अर्धा तास हलू नका. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा."

बाकड्यावर टेकते न टेकते तोच तिचे तळहात खाजू लागले. एवढ्याशा गोष्टीचा काय बोभाटा करायचा, म्हणून ती पदरात हात चोळत बसली.

नणंदेनं पाहिलं. "काय गं वहिनी, लॉटरी लागणार वाटतं तुला?" म्हणून ती हसली आणि तशीच थबकली. वहिनीच्या मानेवर लालभडक गांधी उठल्या होत्या. "वहिनी, बोल की!"

बोलणार कशी? घशात बोळा अडकल्यासारखं झालं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"डॉक्टर! हिचा श्वास अडकतोय!" नणंदेच्या आवाजानं दवाखाना दणाणला.

नर्स धावल्या. तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. हळूहळू घसा मोकळा झाला. पहिला भरपूर श्वास आत गेला तेव्हा तिला रडूच कोसळलं.

"औषधाची ॲलर्जी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्वचितच होते, पण झाली की वेळ घालवून चालत नाही. हे औषध आता कधीच घ्यायचं नाही. कुठेही गेलात तरी आधी सांगायचं. दुसऱ्या पायाला लेसर करू."

त्या रात्री तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. नणंद उशाशी बसून राहिली, मुकाट्यानं.

"अगं, बोल की काहीतरी," ही म्हणाली.

"घाबरले होते गं," म्हणत नणंदेनं तिचा हात गालाशी धरला.

पुढे लेसर सुखरूप पार पडलं. आता लाँड्रीत दमली की ती स्टूल ओढून खुशाल बसते आणि मालक बघत असला तरी उठत नाही.