सुंदररावाचं दुपारचं पान

सुंदरराव गेला. या वेळी खरंच गेला.

फोन करून खात्री करू नका. मी त्याची थोरली बहीण, मी बाजूलाच बसले होते.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात टाइप करते. काही खटकलं तर तिला बोला.

पापनाशमच्या शाळेत गणित शिकवून तो रिटायर झाला, आणि इथे तंजावरात आमच्या पुढच्या खोलीत म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण घालायला लागला.

नऊ जण. मुलं बंगळूरला, अमेरिकेला. व्हिडिओ कॉल रोज येतो. रसम-भात येत नाही.

पेन्शन पुरेना. मग माझ्या मुलाने, रघुने, चेन्नईहून फेसबुक पेज काढून दिलं, सगळ्या नातेवाइकांच्या ईमेलची लिस्ट करून दिली. वर शहाणपण दिलं, मामा, जेवणाऱ्यांचे चेहरे दाखवा, त्याशिवाय लोक देत नाहीत.

तंबी ऐकेना. धाकट्या भावाला मी तंबीच म्हणायचे.

कुणाच्या घासावर नजर पडू नये, हे आमच्या घरचं. शिवाय त्या नऊ जणांत एक रिटायर्ड तहसीलदार. बाप दुसऱ्याकडे जेवतो हे मुलाला फेसबुकवर दिसलं, तर ते दुसऱ्या दिवसापासून यायचे नाहीत.

म्हणून हा जेवून झालेल्या पानांचे फोटो टाकायचा. जेवणाऱ्याने केळीचं पान स्वतःच्या बाजूला दुमडलं, म्हणजे जेवण छान झालं.

लाइक यायचे. लाइक शिजत नाहीत.

मग ते ईमेल.

त्या दिवशी त्याने फोटो समोरून, वाढणाऱ्याच्या बाजूने काढला. फोटोत सगळी पानं पलीकडे दुमडलेली दिसली. आमच्या तंजावरात तसं पान फक्त मयताच्या जेवणात दुमडतात.

तो सगळ्या लिस्टला ईमेल करताना, मजकूर लिहायच्या आधीच त्याचं बोट सेंडवर पडलं.

सुंदररावाच्या ईमेलवरून एक शब्द नाही, नुसती तेराव्याची पानं. सगळ्यांनी धरलं, गेला.

कोईमतूरच्या चुलतभावाने लगेच फोन केला. उचलला तंबीनेच. नाव सांगितलं. पलीकडून प्रश्न आला,

"मग गेलं कोण?"

मी हसून हसून खाली बसले.

पण संध्याकाळपर्यंत कधी नव्हे एवढे पैसे आले. सुंदररावांच्या स्मरणार्थ. रघुचा फोन आला, "मामा, आठवडाभर काही लिहू नका. गप्प बसा."

मीही तेच म्हटलं. चार दिवस मेलेला राहिलास आणि तांदूळ आला, तर तुला काय जड आहे?

"अक्का, माझ्या तेराव्याचं मीच कसं वाढू?"

त्याने सगळ्यांना परत ईमेल केलं. मी जिवंत आहे, क्षमा असावी, कुणाला पैसे परत हवे असतील तर कळवा.

कळवलं की. कोईमतूरवाल्याने पहिलं. मेलेल्या सुंदररावासाठी त्याच्याकडे होते, जिवंतासाठी नव्हते.

त्यानंतर तंबी थकला. जेवणं उरकली की फोन घेऊन बसायचा, एकेकाला लिहायचा. उत्तरात हात जोडलेलं चित्र यायचं. आधी पायसम बंद झालं, मग अप्पळम, म्हणजे पापडसुद्धा. मोपेड घेऊन तिरुवैयारुकडे शेतवाल्यांच्या दारात पोतं मागत फिरला.

भात मात्र एक दिवस चुकला नाही.

परवा मी तांदूळ धूत होते, तो पाट मांडत होता. मांडता मांडता कलंडला. डॉक्टर यायच्या आत संपलं.

आता मेसेजवर मेसेज. महान कार्य. मोठी पोकळी. आरआयपी. नात वाचून दाखवते, मी ऐकून दमले.

रघु विचारतो, हार घातलेला फोटो टाकू का, खाली क्यूआर कोड लावून? आज लोक देतील.

टाक म्हटलं. आज खोटं नाही.

पण माझं मागणं वेगळं आहे.

घराला सुतक आहे. आमच्या चुलीवरचं दहा दिवस कुणी खायचं नाही.

ते नऊ जण काल बारा वाजता आले. दाराशी उभे राहिले, मला धीर दिला.

तहसीलदार म्हणाले, "आज भूक नाही अक्का."

इतकी वर्षं मीच वाढते त्यांना. बाराला त्यांचे हात कापायला लागतात. कालही कापत होते. तसेच परत गेले.

तंजावरात राहणाऱ्यांनो, एका घराची चूल द्या. हे सुतक फिटेपर्यंतच. पैसे बाकीचे पाठवतील. तुम्ही फक्त शिजवा आणि वाढा.

खाली हात जोडलेलं चित्र नको. तुमच्या घराचा पत्ता नातीला मेसेज करा.

मी त्या नऊ जणांना तुमच्या दारापर्यंत आणून सोडेन. आत येणार नाही.

तंबी, खूप लोकांना लिहिलंस. आता नीघ. यांचं मी बघते.

तुझी अक्का