बांधात पुरलेली लाइन

डिंभ्याजवळ आमच्या इंजिनिअर तुकडीचा कॅम्प होता. वस्तीच्या रस्त्यावर लोंबकळणारा खडक सुरुंगानं फोडायचा होता. मी लाइनमन. मालवणकडचा, दहावीत शाळा सोडलेला. समुद्र कळायचा, शेत नाही. इलेक्ट्रिक डिटोनेटरजवळ वायरलेस वापरत नाहीत; त्याच्या लहरींनी सुरुंग अवेळी उडू शकतो. म्हणून पलीकडच्या नाक्यावर पहाऱ्याला असलेल्या हवालदार साळवींपर्यंत, म्हणजे आमच्या उस्तादांपर्यंत, टेलिफोनची तार नेली. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून शेताच्या बांधात नीट पुरली.

शेतमालक दगडूभाऊ पोट धरून हसले. "आवो फौजी, बांध म्हंजी उंदरांचं गाव! ताटच वाढलं की राव तुमी!"

उपायही त्यांनीच शिकवला. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायची. सकाळी उघडी दिसतील ती जिवंत. एकोणीस बुजवली. सकाळी सहाला चार उघडी! त्यांत मिरचीचा धूर कोंडला आणि तार काठ्यांवर उचलली.

१०.५० ला साळवी उस्तादांचा फोन आला. "रस्ता ऑल क्लिअर."

अकराला फायर, म्हणजे सुरुंग उडवायचा. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. १०.५७ ला पुन्हा फोनचं हँडल फिरवलं. उत्तर नाही.

"साहेब, लाइन डेड."

"ऑल क्लिअर मिळालाय ना?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"मिळालाय. पण आता लाइन डेड आहे."

साहेबांनी सुरुंग उडवायच्या एक्सप्लोडरची किल्ली काढून खिशात टाकली. "होल्ड फायर! पळ!"

तारेच्या कडेनं पळत सुटलो. बरोबर खडकाखाली, बांधावर, दगडूभाऊ कुदळ घेऊन वाकलेले. नाका टाळून ओढ्याकडून आले होते. साळवी उस्ताद त्यांचा दंड धरून ओढत होते.

"पाचवं बीळ ऱ्हायलं व्हतं, फौजी! गवतात मागलं दार! लई बेरकी! काठी कलली तितं खाल्ली बघा तुमची तार!"

उस्ताद धापा टाकत म्हणाले, "हे दिसले, फोन केला, तर लाइन मेलेली. मग आलो पळत."

"आणि फायर झाला असता तर?"

"तू लाइन चेक करणार, ठाऊक होतं."

११.४० ला खडक फुटला. दुपारी दगडूभाऊंच्या घरी भाकरी-ठेचा खाल्ला. परमुलखात कुणी एवढ्या मायेनं वाढलं नव्हतं.

पुढच्या पोस्टिंगला सीमेवर एक जवान जखमी होऊन पुढं पडला होता. त्याला आणायला साळवी उस्ताद तसेच पळत गेले. मी लाइनवरच होतो. लाइन चालू होती. पण तो फायर शत्रूचा होता; तो थांबवणं आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.