नागाप्पाची वेस

नागाप्पा गवळ्याला इतिहासाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पेठेतल्या जुन्या वेशीच्या लोखंडी कड्यांना तो रोज सकाळी चार म्हशी बांधायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायचा.

त्रेपन्न साली वेस पाडून रस्ता रुंद करायला नगरपालिकेचा साहेब कुदळवाले घेऊन आला. वेस वाचवायला निघालेली आमची विद्वान समिती तेव्हा अर्जाचा मायना ठरवत बसली होती. नागाप्पा म्हशीच्या कासेखालून ओरडला, "पावणं, म्हस पान्हावलीया. आता हलवली तर दूध चोरंल की!" मागं रिकामे तांबे घेऊन तालमीतले बारा पैलवान उभे. साहेब घड्याळ बघत थांबला. चौघींची धार संपेस्तोवर ऊन डोक्यावर आलं आणि कुदळवाले दूध पिऊन पांगले. रोज हेच. शेवटी साहेबाचीच बदली झाली, वेस राहिली.

मग समितीनं स्वतःलाच हार घातले. नागाप्पाचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. शिवाय वेशीपुढं खांब रोवून पाटी लावली: 'ऐतिहासिक वास्तू. येथे जनावरे बांधू नयेत.'

नागाप्पाला वाचता येत नव्हतं. त्यानं खांब हलवून बघितला, "मजबूत हाय," म्हणाला आणि पहिली म्हैस त्यालाच बांधली.