बारावी, बायोलॉजी आणि बांगडा

बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक मी परीक्षा संपल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. त्यात जे काही होतं ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. क्रेब्ज सायकल? विचारू नका! त्या वर्षाचे किस्से मात्र काही केल्या जात नाहीत. सुप्रिया, वैभव आणि मी रत्नागिरीत कुठेही भेटलो, अगदी रिक्षा स्टँडवर दोन मिनिटं, तरी एक किस्सा निघतो आणि त्याची शेपटी धरून दुसरा. रिक्षा निघून जाते, आम्ही तिथेच!

सुप्रिया बंदराजवळची, तिची आई मच्छी मार्केटात बसते. वैभव जयगडचा, रोज एसटीने यायचा. मी शहरातली आणि तिघांत सगळ्यात घाबरट. आमच्या डोक्यावर सावंत मॅडम, बायोलॉजीच्या. त्या आवाज कधीच चढवायच्या नाहीत. अपमान मात्र आकृतीसकट करायच्या, भागांना नावं देऊन!

*

मायटॉसिसच्या प्रॅक्टिकलला कांद्याची मुळं लागतात. कांदा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, बुडाला जरा पाणी लागेल असा. चार दिवसांत पांढरी मुळं खाली सुटतात. मॅडमनी बजावलं होतं, "आपापला कांदा घरून आणायचा. कांद्याला मुळं नाहीत, तर तुम्हाला मार्क नाहीत."

माझ्या कांद्याला काय मुळं फुटली होती! मी सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होते. चौथ्या दिवशी क्लासवरून आले तर ओट्यावर नुसती बाटली.

"आई, माझा कांदा?"

"तो होय? अगो, सडायला आला होता. मुळ्या बघ केवढ्या सुटल्या होत्या! चिरून घातला कोळंबीत."

मी रडले. मग जेवले. कोळंबी छान झाली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "कांदा कुठाय?"

"मॅडम, घरच्यांनी खाल्ला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग आता सेल डिव्हिजन घरच्यांच्या पोटात शिरून बघायचं का?"

*

वैभवला सगळं पाठ असायचं, पण आकृती म्हटलं की बोंब. जर्नलमध्ये त्याने हृदय काढलं. तीन दिवस काढत होता. लाल, निळी पेन्सिल, बाण, सगळं. मॅडमनी जर्नल आधी सरळ धरलं, मग उलटं धरलं.

"वैभव, पपनस बारावीला नसतं रे."

"मॅडम, हार्ट आहे ते."

"मग हे वर काय आहे?"

"एओर्टा, मॅडम."

"असं होय! मला वाटलं देठ."

*

रिप्रॉडक्शनचा धडा आला तेव्हा आम्ही दोघी सुप्रियाच्या घरी अभ्यासाला बसलो. वैभवने त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून कळवलं होतं! बाहेर पडवीत सुप्रियाचे बाबा जाळं विणत बसलेले. आता हा धडा त्यांच्यादेखत मराठीत कसा बोलायचा? आम्ही ठरवलं, सगळं इंग्लिशमध्ये आणि अगदी भरभर. त्यांना काय कळणार!

अर्धा तास आमची गाडी जोरात चालली. ओव्हरी, युटेरस, ओव्ह्युलेशन. आमची भीड पार चेपली. सुप्रिया तर हातवारे करून शिकवायला लागली. तेवढ्यात पडवीतून शांत आवाज आला.

"बाय, फेलोपिन नव्हे. फॅलोपियन. आणि ते दिवस चुकीचे मोजतेस, परत मोज."

आम्ही गार! सुप्रियाचा जन्म व्हायच्या आधी बाबा मुंबईत बावीस वर्षं एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात कंपाउंडर होते, हे ती साफ विसरली होती. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं, आत आले आणि तासाभरात अख्खा धडा शिकवून गेले. इतका सोपा करून आम्हाला तो कोणीच सांगितला नव्हता.

जाता जाता म्हणाले, "त्या वैभवला सांगा, पोट बरं झालं की तूही ये म्हणावं."

*

वैभव पाठांतर एसटीत करायचा. डोळे मिटून, मोठ्याने. ह्यूमन हेल्थ अँड डिसीजेसचा धडा चालू होता. गाडी खच्चून भरलेली, हा दांडीला लटकून म्हणतोय, "ताप. उलट्या. पोटात मुरडा. शौचातून रक्त."

बाजूच्या सीटवरच्या काकूंनी पिशवी उचलून छातीशी धरली.

"अंगावर पुरळ. ग्रंथी सुजणे. संपर्कातून पसरतो."

काकू उठल्या. त्यांच्या मागचे आजोबा उठले. कंडक्टर गर्दी फाडत आला आणि दोन हात लांबूनच म्हणाला, "बाळा, डॉक्टरकडे चाललास ना? बस, बस हो तू. खिडकी उघड!"

वैभवने डोळे उघडले तर तीन माणसांची सीट त्याच्या एकट्यासाठी रिकामी. त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज, गाडीला गर्दी असली की त्याने तोच धडा म्हटला. बोर्डाच्या पेपरात त्या धड्यावरचं एकही उत्तर त्याचं चुकलं नाही!

*

आता माझा. जेनेटिक्सच्या प्रोजेक्टसाठी मी कानाच्या पाळ्या घेतल्या होत्या. पाळी सुटी असेल तर डॉमिनंट, गालाला चिकटलेली असेल तर रिसेसिव्ह. निदान पन्नास माणसांचे कान बघायचे होते. नेमकं आमच्या नात्यात लग्न निघालं. मी पर्समध्ये वही घेऊन हजर!

दोन पंगतींत मी चाळीस जणांचे कान उरकले. नवऱ्या मुलाकडचा एक जण मात्र मान वळवेचना. मी डावीकडून गेले, उजवीकडून गेले, पाणी वाढायच्या निमित्ताने दोनदा गेले. शेवटी धीर करून विचारलंच, "तुमच्या आईचे कान कसे आहेत?"

तो लाजला, मान वळवली आणि पाळी दिसली!

पाच मिनिटांत माझी मावशी मला कोपऱ्यात घेऊन गेली. डोळे चमकत होते तिचे. "सगळं बघितलंय हो मी. लहान आहेस अजून, पण बोलून ठेवायला काय हरकत आहे? कसा वाटला मुलगा?"

मी वहीत बघून सांगितलं, "रिसेसिव्ह आहे."

मावशीचा चेहरा पडला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे... पितो का गो?"

*

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला घाटावरून एक्स्टर्नल सर आले. उंच, मिशा भरघोस, हसणं अजिबात नाही. ओरलला आधी वैभव आत गेला. मॅडम म्हणालेल्या, काही झालं तरी 'माहीत नाही' म्हणायचं नाही, तेच घोकत तो गेला.

सरांनी सोपा प्रश्न टाकला, "हृदयाचे ठोके मिनिटाला किती?"

"कोणाचे, सर?"

"म्हणजे? कोणाचेही. तुझे सांग."

वैभवने स्वतःची नाडी धरली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजली आणि म्हणाला, "एकशे अठ्ठावीस, सर. पण तुम्ही जरा बाहेर जाऊन आलात तर बहात्तर होतील."

*

आणि त्याच दिवशी सुप्रियाचं झालं ते!

प्रिलिमला ती बायोलॉजीत काठावर सुटली होती. तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "बोर्डाला असंच केलंस तर पुस्तकं बांध नि माझ्या बाजूला पाट टाकून बस." सुप्रियाला नर्सिंगला जायचं होतं.

स्पॉटिंगला टेबलावर बरणी होती. फॉर्मॅलिनमध्ये मासा, आणि खाली चिठ्ठी, 'आयडेंटिफाय अँड कॉमेंट'. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, निमुळतं शरीर, पर, कल्ले, पाण्यात राहण्यासाठीची अनुकूलनं. सुप्रियाने घाबरलेल्या डोक्याने चिठ्ठी वाचली, बरणीत बघितलं आणि जे दिसलं ते इमानदारीत लिहिलं, 'बांगडा. कल्ले पांढरे. डोळा आत गेलाय. नॉट फिट फॉर परचेस.'

सरांनी पेपर बघून तिला बोलावलं. "हे काय आहे?"

"कॉमेंट, सर." ती रडायच्या बेतात.

सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ताजा कसा ओळखायचा मग?"

"कल्ले लालभडक हवेत, सर. डोळा वर हवा. बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये."

"कल्ले लाल का?"

"रक्त असतं ना, सर. ऑक्सिजन तिथेच तर मिळतो त्याला." आणि मग ती जी सुटली! पर, खवले, पोटातली हवेची पिशवी, दोनच कप्प्यांचं हृदय. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी मान हलवून म्हणाले, "जा."

'जा' म्हणजे काय? पास का नापास? ती तशीच युनिफॉर्मवर मार्केटात आईकडे गेली. दुपार झालेली, आईच्या पाटीत थोडेच बांगडे उरलेले. आईला सांगायला तोंड उघडणार, इतक्यात समोरून कापडी पिशवी घेऊन एक्स्टर्नल सर! सुप्रिया झटकन बर्फाच्या पेटीमागे बसली.

सर थेट तिच्या आईसमोर उभे. एक बांगडा उचलला, कल्ला उघडला, डोळा बघितला, पोटाला बोट लावलं आणि परत ठेवला.

"नको ताई. खड्डा राहतोय."

आईने हातातला पंखा खाली ठेवला. "साहेब, तुम्ही घाटावरचे ना?"

"हो."

"मग हे कोणी शिकवलंन तुम्हाला?"

"इथल्याच एका मुलीने. आजच सकाळी."

"कोण ती भवानी?" आई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "माझ्या धंद्यावर उठलीय! नाव सांगा तिचं, नाव! बघतेच तिला!"

पेटीच्या कडेवरून वर आलेल्या दोन डोळ्यांकडे सरांची नजर गेली. पहिल्यांदाच मिशी जराशी हलली.

"नाव नाही हो माहीत, ताई. आमच्याकडे फक्त सीट नंबर असतो."